आमच्याकडची बयाबाई

१९ फेब्रुवारी १९४२, वाई

पोचलो एकदाच्या. पुण्याहून मोटारीनं आलो, स्टँडपासून पायी. अमे माझ्या मागून चालत होती, डोक्यावर बोचकं, अंगावर जहाजात चढताना नेसलेली तीच रंगूनची लुंगी. माणसं थांबून थांबून बघत होती. मला वाटलं, आम्ही फार दमलेल्या दिसतो म्हणून बघतात.

गंगाधरकाका बाबांचे थोरले भाऊ. त्यांना मी आज पहिल्यांदा पाहिलं. बाबांसारखंच कपाळ, तसेच कान. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मग नजर अमेकडं गेली आणि हात उचलला. ही कोण, म्हणून विचारलं.

म्हटलं, माझी अमे. आई.

बाबांनी हे घरी कधी कळवलंच नव्हतं! रंगूनच्या एका ब्राह्मणाघरची मुलगी केली, एवढंच लिहिलं होतं. आणि आम्हाला बंदरावर निरोप देताना म्हणाले — दादाला सगळं ठाऊक आहे, निर्धास्त जा, मी मागून येतोच. म्हणजे दोन्हीकडं खोटं बोलले.

अमेला पायरीवर बसवून ठेवलं. आत काका आणि गोदावरीकाकू बराच वेळ कुजबुजत होते. मग मला बोलावलं. काका रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात समजावून सांगत होते. ते शाळेत संस्कृत शिकवतात, चातुर्मासात घाटावर पुराण सांगतात. बर्मी बाई या घरची सून आहे असं कळलं तर पुराणाला कुत्रं येणार नाही. तू माझ्या भावाची, अनंताची आहेस, तुला ठेवून घेतो, मॅट्रिकला बसवतो. पण ही बाई तुझी आई नव्हे. तुझी आई रंगूनला वारली. ही आया, तुला सोबत म्हणून आली. हे कबूल असेल तर दोघींना जागा आहे. नसेल तर सकाळची पुण्याची मोटार आहे.

पुण्यात आमचं कोण आहे?

बाहेर येऊन अमेला आमच्या भाषेत सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. म्हणाली, "बाबा येईपर्यंतच ना? मग हो म्हण. तू शीक."

आत जाऊन हो म्हटलं.


२० फेब्रुवारी

काकू म्हणाल्या, मा थिन असलं नाव कुणाच्या तोंडात बसायचं नाही. तिला बयाबाई म्हणायचं ठरलं. माझं क्षमा हे नाव चाललं.


२ मार्च

माझं प्रायश्चित्त झालं, समुद्र ओलांडला म्हणून. पंचगव्य दिलं. उमासा आला. काकू शांतपणे म्हणाल्या, ओकलीस तर पुन्हा घ्यावं लागेल. गिळलं.

अमे परसात राहते. लाकडं ठेवायची खोपी आहे, तिचा अर्धा भाग तिला दिलाय. धुणं आणि भांडी तिच्याकडं. तिनं घासलेल्या भांड्यांवर काकू पुन्हा पाणी ओततात, मगच आत नेतात. लुगडं नेसायला हरणाबाईनं शिकवलं. हरणाबाई इथं गोठा बघते, शेण काढते, गोवऱ्या थापते. मुलगा पलटणीत आहे. माहेर सांगलीच्या अंगाला कुठंसं. पहिल्या दिवशी अमेला बघून खो खो हसली होती. आता तिच्याशी सारखी बोलत असते. अमेला काही कळत नाही, तरी ती मान हलवते.

मला माजघरात झोपायला मिळतं.


११ मार्च

रंगून पडलं. काकांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. जपानी शहरात शिरलेत, सगळे हिंदी लोक पायी निघालेत, डोंगरातून. बाबा कुठं असतील?

अमेला सांगायला परसाकडं धावले. काकूंनी हाक मारून परत बोलावलं — गड्यामाणसांशी एवढं गुलूगुलू बोलायचं नसतं, शेजारचे बघतात. तिला आज सांगता आलं नाही. संध्याकाळी ती घासलेली ताटं दाराशी ठेवायला आली तेव्हा माझ्या तोंडाकडं बघून तिनं ओळखलं असावं. ताटं ठेवून ती मागं फिरली. काकू समोर होत्या. मी जेवले.


५ एप्रिल

इथं काहीच सरळ करता येत नाही. पाटावर बसले की पाय सुन्न होतात. भात कालवताना बोटांची दोनच पेरं भरायला हवीत, माझा तळवा भरतो. तांब्या वरून तोंडात ओतायला गेले की पाणी गळ्यावर. चालताना टाचा वाजतात. हसताना दात दिसतात. कुणी मोठं माणूस आलं की उठायचं, पण बाहेरचा पुरुष आला की आत जायचं — आणि मोठा पुरुष बाहेरून आला तर उठून आत जायचं! हे शेवटचं कळायला मला महिना लागला.

काका संध्याकाळी संस्कृत शिकवतात. चुकले की काही बोलत नाहीत, फक्त डोळे मिटून घेतात.

या सगळ्यात बरे दिवस म्हणजे बाहेरची झाल्यावरचे. तेव्हा मला कुणी शिवत नाही, परसात खोपीत बसायचं. बाकीच्या बायकांना शिक्षा, मला सुटी! अमेशेजारी तरटावर पडून असते. ती माझ्या केसांतून हात फिरवते, आम्ही हळू आवाजात आमच्या भाषेत बोलतो. बाबा कुठवर आले असतील याचा अंदाज करतो. या वेळी तिनं विचारलं, इथं तुला कुणी मारत नाही ना? म्हटलं, नाही. मला कुणी मारत नाही.


१० जून

शाळा सुरू झाली. वर्गात आम्ही मुली चारच, पुढच्या बाकावर. मागून मुलं "चिनी, चिनी" करतात. बसक्या नाकाची म्हणतात. माझं नाक तेवढं बसकं नाही.

मास्तरांनी इंग्रजी वाचायला लावलं. मी वाचलं. मास्तर म्हणाले, बरं आहे, पण असं नाकातून बोलायचं नाही. मराठीच्या तासाला काहीतरी विचारलं तर मी "मजला ठाऊक नाही" म्हटलं आणि सगळा वर्ग फुटला. बाबांनी मला मराठी पोथ्या वाचून शिकवलं. मला वाटत होतं, सगळे असंच बोलतात.

माझ्या शेजारी बनू बसते. इनामदार लालासाहेबांची मुलगी, वाईबाहेर त्यांचा ऊस आहे, टांग्यातून येते. तिनं मधल्या सुट्टीत विचारलं, तुझी आई कुठं असते? मी म्हटलं, वारली.

मला वाटलं होतं जीभ अडखळेल. अडखळली नाही. बनूनं माझा हात धरला आणि तिच्या डब्यातला लाडू दिला.


२८ जून

आज वाईट झालं. कृष्णेला पाणी चढलंय. हरणाबाईच्या घरच्यांनी चिंगळ्या, बारीक कोळंबी, धरल्या, तिनं थोड्या अमेला दिल्या. अमेनं त्या मीठ लावून मडक्यात कोंबल्या आणि खोपीमागं पुरल्या — ङापी करायला, म्हणजे मासळी आंबवायला. रंगूनला आम्ही रोज भाताबरोबर खायचो. वास चार घरं जातो. पावसानं माती खचली आणि आज दुपारी वास स्वैपाकघरात शिरला.

काकूंच्या अंगात आलं. ब्राह्मणाच्या परसात मासळी! शेजारणी कुंपणाशी आल्या. काका शाळेतून नुकतेच आले होते, ते ओटीवर उभे राहून मला म्हणाले, तुमची आया आहे, तूच सांग तिला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हटलं, ही घाण कुणी सांगितली करायला? जंगली कुठली! पुन्हा असं केलंस तर हाकलून देईन. अमेला शब्द कळले नसतील. आवाज कळला. मी मडकं उचलून नदीवर नेलं आणि टाकून दिलं. ती माझ्या मागं घाटापर्यंत आली, पायऱ्यांवर उभी राहिली.

परत आल्यावर काकूंनी मला जवळ बसवून साखरपोळी दिली. या घरात पहिल्यांदा त्या मला "बाळ" म्हणाल्या.

साखरपोळी फार चांगली होती.


१९ जुलै

बनू घरी आली होती. आम्ही ओटीवर भूमिती करत होतो. बया पाणी घेऊन आली — बनू मराठ्यांची, तिला बयानं पाणी दिलेलं चालतं. बनू तिच्याकडं बघतच राहिली. ती गेल्यावर म्हणाली, "अगं, ही तुमची आया लय तुझ्यासारखी दिसती की! हनुवटी तर तीच."

माझ्या तोंडातून उत्तर गेलं, लगेच. म्हटलं, तिचंच दूध प्यालेय मी, रूप उतरणारच. बनू हसली. तरी तिची नजर परसाकडंच. मग मी बयाला हाक मारली. चपला आण म्हटलं. तिनं आणल्या, खाली ठेवल्या. मी म्हटलं, घाल. तिला कळेना. मी पाय पुढं केला. ती खाली बसली, माझ्या पायात एकेक चप्पल घातली, अंगठ्याशी अडकली ती बोटानं सारखी केली. लहानपणी शाळेत जाताना घालायची तशीच.

बनू म्हणाली, तुमच्याकडं नोकरमाणूस चांगलं वळणातलं आहे.

आता तिला शंका येणार नाही.


२ ऑगस्ट

बाहेरची झाले. काकूंना म्हटलं, खोपीत नको, तिथं लाकडांना किडे आहेत, मी पडवीच्या कोपऱ्यात बसेन. काकू बरं म्हणाल्या. बया दोनदा येऊन लांबून बघून गेली. मी पुस्तक वर धरलं.


१४ ऑगस्ट

शाळा बंद. मुलांनी संप केलाय, गावात पोलीस आलेत, तारा तोडल्या म्हणतात. मागच्या बाकावरची निम्मी मुलं गायब. मला मार्चातल्या परीक्षेची भीती वाटते. संस्कृत अजून कच्चं आहे.


३० ऑगस्ट

बया मराठी बोलायला लागली आहे — हरणाबाईचं मराठी! आज काकूंना म्हणाली, "भांडी घासली. आजून काय हाय का?" काकू पोट धरून हसल्या. मीही हसले. शुद्ध बोल, असं तिला सांगावंसं वाटलं. मग वाटलं, कशाला? असंच बोलली तर कुणाला काही वाटणार नाही.

हरणाबाई मला म्हणाली, "ताई, तुमची बया लय गुणाची. माझ्या पलटणीतल्या मानसिंगचा फोटू बघून रडत हुती. तिचं कोन न्हाई का मागं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक.


९ सप्टेंबर

बाबा जिवंत आहेत!! तार आली. कलकत्त्याच्या इस्पितळात आहेत. डोंगरातून पायी आले, मणिपूरला पोचले, तिथून आजारी. बरे झाले की निघतील.

मी सगळं विसरून परसात धावले. "अमे!" म्हणून ओरडले आणि पुढं — पुढं शब्दच सापडेनात. "बाबा" आठवलं, "जिवंत" आठवेना. सतरा वर्षं जी भाषा बोलले तिच्यातला तेवढा एक शब्द आठवेना. शेवटी मराठीत सांगितलं. तिनं तोंडावर पदर दाबून धरला. मग मराठीतच म्हणाली, "कवा येनार?"

आता संपलं सगळं. बाबा आले की हे नाटक बंद. तिची मी माफी मागेन. सगळं बाबांसमोर सांगेन, मासळीचं, चपलांचं. ते माझ्यावर रागावतील आणि मग तिला आत नेतील.


२१ ऑक्टोबर

बाबा आले. दसऱ्याला येतील वाटलं होतं, दोन दिवस उशीर झाला. काका त्यांना आणायला वाठार स्टेशनवर गेले होते. तिथून मोटारीत दोघं बराच वेळ शेजारी बसून आले असणार.

मी ओळखलंच नाही आधी. केस पांढरे, गालांची हाडं वर, एका पायाला फडकं. मी गळ्यात पडले. त्यांच्या अंगाला इस्पितळाचा वास येत होता. काकूंनी तुकडा ओवाळून टाकला. शेजारची माणसं जमली होती.

अमे परसातून घंगाळात ऊन पाणी घेऊन आली, पाय धुवायला. तिनं केस विंचरले होते. ओटीच्या कडेशी उभी राहिली. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही बघितलं — बघितलं, मी खोटं लिहीत नाही, चांगलं बघितलं.

मग बाबा म्हणाले, "तिथंच ठेवा, बाई."

तिनं ठेवलं. आणि आत गेली नाही, मागच्या वाटेनं परसात गेली, घरातून जायची आपल्याला मुभा नाही हे तिला ठाऊक आहे. काकांनी स्वतः त्यांच्या पायावर पाणी घातलं.


२४ ऑक्टोबर

बाबांना घाटावर एकट्यानं गाठलं. त्यांना भरभर चालता येत नाही. मी सगळं बोलले. ते नदीकडं बघत होते. म्हणाले, दादानं आसरा दिला, त्याचं नाव घालवायचं का? तुझी परीक्षा मार्चात. ती होऊ दे. मग पुण्याला बिऱ्हाड करू, आपण तिघं. तोवर ती काही उपाशी नाही, छप्पर आहे.

मी म्हटलं, बाबा, ती तुमची बायको आहे.

ते म्हणाले, "तूही हो म्हणालीसच ना?"

वाटेत किती माणसं मेलेली बघितली ते सांगायला लागले. चिखलात बसलेली, बसल्या बसल्या मेलेली. अशाच एका मेलेल्या बाईच्या कडेवर पोर होतं, ते जिवंत होतं आणि सगळे पुढं गेले, मीही पुढं गेलो, म्हणाले. असं पुढं जाता आलं ते वाचले. एवढं सांगून ते उठले.

परत येताना वाटेत काकांचे स्नेही भेटले. बाबा त्यांच्याशी हसून बोलले.


८ नोव्हेंबर, दिवाळी

काकूंनी गड्यामाणसांना दिवाळीची लुगडी दिली. एक हरणाबाईला, एक बयाला. बाबा ओटीवर होते, काकू म्हणाल्या, भावोजी, तुमच्या हातानं द्या, तुमचं जुनं माणूस आहे. बाबांनी दिलं. वरून सोडलं, हात लागू न देता. तिनं पदरात झेललं आणि वाकली.

मी बघत होते. मला राग आला तो तिचा — इतकी का वाकते म्हणून!


१५ नोव्हेंबर

साताऱ्याहून पाहुणे आले होते. मला वाटलं, मलाच बघायला आले. चांगलं पातळ नेसून चहा घेऊन गेले. पण त्यांनी मला पुस्तकाचं विचारलं आणि सगळी बोलणी बाबांशी. काकांनी बाबांना साताऱ्याच्या एका वकिलाकडं लिखापढीचं काम मिळवून दिलंय, त्याच वकिलांच्या ओळखीचे. त्यांची थोरली, चंद्रा. बावीस वर्षांची झाली, कुठं जमलं नाही. बिजवर चालेल म्हणतात.

बिजवर म्हणजे बाबा.

पाहुणे गेल्यावर बाबांना विचारलं. ते चिडले नाहीत. काकांसारखंच हळू बोलायला लागलेत आता. म्हणाले, गावाच्या लेखी मी विधुर आहे. विधुर माणूस घरात, आणि परसात बिनधन्याची बाई, लोक काय काय बोलतात तुला कळायचं नाही. दादाला रोज ऐकावं लागतं. "आणि मी विधुर आहे हे मी कुणाला सांगितलं नाही, क्षमा. तू शाळेत सांगितलंस."

मग म्हणाले, हे झालं की तुझी पुण्याची सोयही नीट होईल. आई नसलेल्या मुलीला वसतिगृहात घेताना नाना प्रश्न विचारतात.


१६ नोव्हेंबर

काकू सांगत होत्या, तुळशीचं लग्न झालं की लगेच धरू. लग्नाची हळद बया कुटेल म्हणाल्या. कुटायला हात चांगला आहे तिचा.


२० नोव्हेंबर

तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. ती उखळाशी हळद कुटत बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. हरणाबाईनं तिला विचारलं, "कुनाचं लगीन हाय ठावं हाय का तुला?" मी दारात होते. बया म्हणाली, "मालकाचं."

आणि कुटत राहिली.


२६ नोव्हेंबर

अमे गेली.

हरणाबाई माहेरी जाते आहे, सांगलीकडं. तिच्या भावाचं, नाथाजीचं, गुऱ्हाळ लागलंय, माणसं हवीत. बयाला नेते म्हणाली. काकूंनी लगेच होकार दिला. लग्नाआधी जाते हे बरंच, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाबा साताऱ्याला होते.

मी शाळेतून आले तेव्हा ती परसाच्या दारात बोचकं घेऊन उभी होती. घरात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. काकू देवळात. हरणाबाई बोळाच्या टोकाला, पाठमोरी. मी तिच्याजवळ गेले आणि हाक मारली — अमे. कितीतरी महिन्यांनी.

ती म्हणाली, "ताई, आमी जातो."

मला वाटलं, कुणी ऐकत असेल म्हणून तसं म्हणाली. वळून बघितलं. कुणीच नव्हतं. मी आमच्या भाषेत म्हटलं, थांब. मार्चपर्यंत थांब. परीक्षा झाली की मी तुला घेऊन जाईन, आपण दोघीच राहू, मी नोकरी करीन. सगळे शब्द बरोबर आले या वेळी, एकही अडला नाही. तिनं पहिल्या दिवशीसारखंच मान खाली घालून ऐकलं.

"भांडी घासून पालथी घातल्यात," ती म्हणाली. "काकूंना सांगा."

मी तिचा हात धरला. कुटून कुटून तळव्याला घट्टे पडले होते. तिनं हात ओढून घेतला नाही, माझा हात सुटेपर्यंत नुसती उभी राहिली. मग पदर सारखा केला आणि चालू लागली. लुगडं अगदी नीट नेसली होती, हरणाबाईपेक्षाही चापून.

मी बोळाच्या टोकापर्यंत गेले. हरणाबाई म्हणाली, "ताई, घरला जावा. तिला उसाचं काम येत न्हाई, पर शिकंल. लय लवकर शिकती ती." अमे पुढं निघून गेली होती. मोटार सुटायची होती. मी स्टँडवर गेले नाही. बनूचा टांगा त्या वेळी तिथूनच जातो.


२७ नोव्हेंबर

खोपीत लाकडं भरली. भूमितीची दोन प्रमेयं पाठ केली.


२ डिसेंबर

लग्न झालं. करवली म्हणून मी उभी होते.


९ डिसेंबर

चंद्रा — मी तिला आई म्हणायचं ठरलंय — आज माझी वेणी घालायला बसली. हात हलका आहे तिचा. घरात दोघीच होतो. तिनं विचारलं, "तुमची आई गेली कुठं?"

मी नेहमीचं सांगितलं. वारली, रंगूनला.

"ती नव्हे," ती म्हणाली. "बयाबाई."

मी मागं वळायला गेले. ती वेणी घालतच होती. म्हणाली, आमच्याकडं स्थळ आलं तेव्हाच ठाऊक होतं. मोटारस्टँडवर उतरलात त्या दिवशीच सगळ्या वाईला कळलं. तुमच्या काकांच्या पुराणाला येतात त्या बायकांना, शाळेत, सगळीकडं ठाऊक आहे. माणूस भला आहे आणि बाई परसात राहते, कुणाच्या जेवणाखाण्यात नाही, मग बोलून दाखवायचं कशाला?

पेड घट्ट ओढून तिनं गाठ मारली.

"मला वाटलं होतं, ती राहील," ती म्हणाली. "दोघींनी मिळून काम उरकलं असतं."